डब्यावरचा नंबर

करी रोड
६ मार्च २०२२

सम्यक,

काल जेलच्या भेटीच्या रांगेतून तशीच परत आले. हवालदार आत जाऊन आला आणि म्हणाला, "तो नाही म्हणतोय, ताई. आईला पाठवा म्हणतोय." ठीक आहे. आई येत जाईल, मी पत्र लिहीत जाईन. फाडायचं असेल तर वाचून फाड.

वकिलाने तुला सांगितलं ते खरं आहे. पोलिसांना जबाब मी दिला. कोणी मारलं विचारलं, मी म्हटलं माझ्या भावाने. कशाने, म्हटलं पप्पांच्या आकड्याने. ओंडके ओढायचा तो लोखंडी आकडा पप्पांच्या सामानाबरोबर वखारीतून घरी आला होता, आणि तू तो दाराआड ठेवला होतास. गॅलरी माणसांनी भरलेली होती. सगळे म्हणाले, आमची पाठ होती. माझी नव्हती.

तुला काय आठवतंय माहीत नाही. मला हे आठवतंय. पप्पांचं पुण्यानुमोदन झालं होतं, पंगत बसायची होती. मयूर दुसऱ्या माळ्यावरून वर आला, पांढरा शर्ट घालून. दाराशी चपला काढायला वाकला. तू वाकलेल्या माणसावर धावून गेलास. "तूच बसवलंस ना ते रिमोट? तूच ना रे?" त्याने वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि आकड्याचं टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं. तू ते ओढून बाहेर काढलंस. सम्यक, तो आवाज. दुसरा घाव त्याच्या खांद्यावर बसला. तिसऱ्याच्या वेळी मी मध्ये पडले. माझ्या दंडावर टाके आहेत, हे आईने तुला सांगितलं नसेल.

तू वखारीत पप्पांना पाहिलंस, मी नाही पाहिलं. दत्तारामकाकांनी, क्रेन चालवत होते त्यांनीच, मला नंतर सगळं सांगितलं. ओंडका वर होता. पप्पा लाकडांच्या थप्पीजवळ दोर सारखा करत होते. काकांनी रिमोटवरचं लाल बटण दाबलं, क्रेन थांबेना. पुन्हा दाबलं, अंगठा मोडेपर्यंत दाबलं. ओंडका सरकत आला आणि पप्पांना थप्पीवर चेपत गेला. काका म्हणाले, "तो माझ्याकडं बघत होता गं. वरडला पण नाय. श्वासच उरला नव्हता." ते बघून आल्यावर माणसाच्या डोक्यात काय होतं, मी कोण सांगणार?

पण राजेश शेठच्या गाळ्यात क्रेनचे रिमोट जोडणारा मयूर दिवाळीच्या आधी माझ्या ऑफिसात आला होता. वायरलेस यंत्रांना सरकारी मंजुरी मिळवून द्यायचं काम मी करते, म्हणून विचारायला. "माया ताई, रिमोटच्या आत बसवलेलं रेडिओचं मॉड्यूल मंजूर आहे, पण शेठने अँटेना बदललाय, वर अॅम्प्लिफायर लावलाय. चालतं का?" मी म्हटलं, अजिबात नाही, अख्ख्या यंत्राची परत चाचणी करून घ्या. त्याने शेठला सांगितलं. शेठने त्याला सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. मयूरने नोकरी सोडली नाही आणि रिमोट बसवलं, हे खरं. पण तो त्या दिवशी हेच सांगायला वर आला होता. तू विचारलंस आणि उत्तराआधी मारलंस.

तो केईएममध्ये आहे. डोळा काढावा लागला.

ताई


२२ मे २०२२

सम्यक,

आत कुणाशी तरी मारामारी केलीस आणि त्याचा दात पाडलास, असं वकील म्हणाला. कशावरून ते त्याने सांगितलं नाही. तू तरी सांग, नाहीतर नको सांगूस.

राजेश शेठ घरी येऊन गेला, हे आईने सांगितलंच असेल. कसं ते माझ्याकडून ऐक. चांगला इस्त्रीचा शर्ट, पप्पांच्या फोटोला हार घेऊन आला. खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसला. म्हणाला, "मावशी, माझं मॉड्यूल मंजुरीचं आहे. फाइल दाखवतो. डब्यावर नंबरपण छापलाय. अजून काय करायचं माणसाने?"

मी म्हटलं, "तो नंबर मॉड्यूलचा आहे, तुमच्या डब्याचा नाही."

"एकच झालं ना."

"एकच कसं? ते मॉड्यूल त्याच्या छोट्या अँटेनावर, ठरलेल्या ताकदीने तपासलंय. तेवढं तसंच वापरलं असतं तर पुष्कळ चाचण्या वाचल्या असत्या. तुम्ही लांबवर चालावं म्हणून त्याची ताकद वाढवलीत, लोखंडी डब्यात कोंबलंत, आणि अख्खी वस्तू एकदाही तपासली नाहीत. शेजारच्या वखारीलाही तेच विकलंत. त्यांनी त्यांचं बटण दाबलं की आमच्या रिमोटचा आवाज बुडतो. थांब म्हटलेलं क्रेनपर्यंत पोचतच नाही. इंजिन पास आहे म्हणून ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणाल तुम्ही?"

तो माझ्याकडे बघून हसला आणि आईकडे वळला. "मावशी, पोरगी शिकलेली आहे, बोलणार. मी तुमच्या मुलाचं बोलतो. मयूर लिहून देईल, झटापटीत तो स्वतःच पडला. सम्यक महिन्याभरात घरी. तुम्ही फक्त लिहायचं, शामराव ओझ्याखाली आपणहून गेले. थोडी घेतलेली होती."

आई म्हणाली, "ते घेत नव्हते."

"लिहायला काय जातंय?"

तो गेल्यावर मी म्हटलं, सही करायची नाही. आईने माझ्या कानाखाली मारली. लहानपणीसुद्धा आपल्याला कधी मारलं नव्हतं तिने. "मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? माझा जिवंत पोरगा आत सडतोय आणि तू मला अँटेना शिकवतेस?" मी म्हटलं, दर सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात दिवसभर उभं राहून पाणी वाटणारा माणूस, तो दारू पिऊन मेला असं तू लिहून देणार? तिने मग आपलंच डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली. शेजारच्यांनी धरलं तिला.

मी दुसऱ्या माळ्यावर गेले. मयूरच्या आईने, सुभद्राकाकूंनी, दार अर्धंच उघडलं. "माझ्या झिलाचो डोळो गेलो आणि आता मी म्हणू, तो पडलो? तुझो भाव भायर येऊक होयो म्हणान?" मागून मयूर म्हणाला, "आई, आत घे तिला."

पट्टी होती डोळ्यावर. म्हणाला, "शेठने माझ्याकडेपण कागद पाठवलाय. मी सही नाही केली. सम्याने मला मारलं, ते मी मारलंच म्हणणार. शेठने काय केलं तेपण म्हणणार."

तेव्हा तुझ्या वकिलाला मी कळवलंय. माझा जबाब फिरणार नाही. आई सही करणार नाही, निदान मी घरात असेपर्यंत.

ताई


१७ जुलै २०२२

सम्यक,

अक्षर वाकडं दिसेल. डाव्या हाताने लिहितेय. उजव्या हातावर पाण्याचं पिंप पडलं, थोडं लागलंय. काळजी करू नकोस आणि वकिलाला विचारत बसू नकोस.

आई या आठवड्यात भेटीला येणार नाही. तिच्या कपाळाला थोडं खरचटलंय.

पावसाने गॅलरीत पाणी येतं. बाकी बरं.

ताई


४ ऑगस्ट २०२२

सम्यक,

तुझं पहिलं पत्र आलं. पाच महिन्यांनी. त्यात एकच ओळ: "कोण होते त्यांची नावं सांग, बाहेर आलो की बघतो."

म्हणजे वकिलाने सांगितलं. मग आता खोटं कशाला लिहू? पण नावं नाही सांगणार. म्हणूनच पिंपाचं लिहिलं होतं.

मी पोलिसांकडे अर्ज केला होता की शेजारच्या वखारीतलं रिमोट आणि आपल्या वखारीतलं रिमोट, दोन्ही जप्त करून तपासायला पाठवा. आपलं तर राजेशने पप्पा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी खोलून नेलं होतं. अर्ज दिला त्याच आठवड्यात दुपारी मी दादरला ऑफिसखालच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. दोघं आले. एकाने दुकानदाराला बाहेर काढलं. दुसऱ्याने माझा उजवा हात धरून उंबऱ्यावर दाबला आणि पहिल्याने शटर खाली ओढलं. वर केलं आणि परत ओढलं. "अजून लिही अर्ज," म्हणाला. मी किंचाळले की नाही आठवत नाही. रस्त्यावर फुलवाले होते, एका बाईने गजऱ्यांची टोपली त्यांच्या अंगावर फेकली आणि ओरडायला लागली, तेव्हा ते पळाले. बोटांची हाडं बाहेर आली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता वाकत नाही.

आईने माझा हात बघितला. मला झोपवलं, पातळ बदललं आणि चालत लालबागला गेली, राजेशच्या गाळ्यात. पुढचं मला पोलिसांकडून कळलं.

आत कामगार रिमोटचे डबे जोडत बसले होते. आईने टेबलावरची हातोडी उचलली आणि एकेक डबा फोडायला सुरुवात केली. राजेश केबिनमधून धावत आला. "ए म्हातारे, वेड लागलं का?" आई म्हणाली, "पोरीचा हात मोडलास ना? धर, तुझा दे इकडे." तिने घाव घातला तो त्याच्या मनगटावर बसला. त्याने तिला ढकललं, ती लोखंडी मांडणीवर कपाळ आपटून पडली. मांडणी तिच्याबरोबर खाली आली. रक्ताने डोळे भरलेले असताना ती उठली आणि पुन्हा हातोडी शोधायला लागली. कामगारांपैकी कुणी तिला हात लावला नाही. कुणीतरी पोलिसांना फोन केला.

पोलीस आले ते आईला पकडायला. पण पडलेल्या मांडणीखाली त्यांना एक डबा दिसला, त्यावर आपल्या वखारीचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं. राजेशने जबाबात सांगितलं होतं की ते रिमोट भंगारात गेलं. डबा तिथल्या तिथे सील झाला.

आईवरही गुन्हा दाखल आहे. जामिनावर आहे. कपाळाला टाके पडले. काल पोळी लाटताना म्हणाली, "सही नाय करायची. सम्यकला सांग, तुझी आई सही नाय करणार."

मी हे कौतुकाने लिहीत नाही. त्या दिवशी हातोडी जरा वर लागली असती तर तुम्ही दोघंही आत असता. माझ्या घरातलं कोणीच आता कुणाला मारायचं नाही, सम्यक. मला त्याची किळस आलीये. रक्त पुसून पुसून माझं घरातलं फडकं लाल झालंय.

नावं मागू नकोस. एक पकडला गेलाय, दुसराही पकडला जाईल.

ताई


२९ जानेवारी २०२३

सम्यक,

चाचणी झाली. तपास अधिकाऱ्याने मयूरला बोलावलं होतं, यंत्र त्याने जोडलं होतं म्हणून. त्याला एकट्याला जायचं नव्हतं, मी गेले. प्रयोगशाळेतल्या बाईंनी आम्हाला काचेपलीकडे उभं केलं.

आधी बंद खोलीत डब्यातल्या रेडिओची ताकद मोजली. ते मॉड्यूल जेवढ्या ताकदीला मंजूर होतं, त्याच्या कितीतरी पट डबा ओरडत होता. आजूबाजूचं सगळं बुडवत होता. माझ्या कामात असे आकडे मी रोज बघते. हा मी दोनदा वाचला.

मग त्यांनी छोटी क्रेन टांगली. तिला ओंडका. समोर भिंतीला टेकवून वाळूचं पोतं, माणसाच्या उंचीचं. एकाच्या हातात आपल्या वखारीचं रिमोट, दुसऱ्याच्या हातात शेजारच्याचं. पहिल्यांदा फक्त आपलं चालवलं. लाल बटण दाबलं, क्रेन थांबली. व्यवस्थित. बाई म्हणाल्या, "आता दुसरं सुरू करा." लाल बटण दाबलं. ओंडका थांबला नाही. त्या माणसाने परत दाबलं, आमच्याकडे बघितलं. ओंडका पोत्याला लागला, दाबत गेला, आणि पोतं मध्येच फाटून वाळू खाली यायला लागली. सगळी वाळू गळून गेल्यावरही मोटर ओढतच होती. कुणीतरी धावत जाऊन वीज तोडली.

तपास अधिकारी मोबाइलवर चित्रीकरण करत होता, त्याचा हात खाली आला. मयूर बाहेर गेला, कठड्याला धरून ओकला. मी पाणी दिलं. म्हणाला, "ताई, मी बसवलं तेव्हा शेजारच्यांचं अजून आलं नव्हतं. एकटं असताना ते थांबायचं. मी दहादा थांबवून बघितलं होतं."

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"सम्याला माहीत आहे?"

मी म्हटलं, लिहिते.

म्हणून लिहिलं. बाईंनी अहवालात साधं लिहिलंय की ही अख्खी वस्तू कुठेही तपासलेली नव्हती, डब्यावरचा नंबर तिचा नव्हता. पप्पांनी घेतली होती की नव्हती, याला आता अर्थ नाही. रिमोटने ओंडका थांबवला नसता, समोर कोणीही उभं असतं तरी. राजेशला अटक झाली.

ताई


११ नोव्हेंबर २०२३

सम्यक,

काल कोर्टात मी शपथ घ्यायला हात वर केला, आणि तू तिकडून उठलास. वकील तुझा शर्ट ओढत होता. "साहेब, तिला नका विचारू. मी मारलंय. तो वाकला होता, त्याच्या हातात काय नव्हतं. मीच मारलंय."

न्यायाधीशांनी तुला पुन्हा पुन्हा विचारलं, समजून बोलतोयस ना. तू होय म्हणालास. मयूर मागच्या बाकावर होता. तू त्याच्याकडे बघितलं नाहीस. त्याने बघितलं. मग खाली मान घालून, तोंडावर रुमाल धरून, तो इतका रडला की शिपाई त्याला बाहेर घेऊन गेला.

तीन वर्षांची शिक्षा ऐकून आई तिथेच बसली. आत काढलेले दिवस धरून जे उरेल ते उरेल. घरी येऊन तिने वरणभात केला आणि आम्ही जेवलो. पप्पा गेल्यापासून आम्ही दोघी एका वेळी ताटावर बसलो नव्हतो.

पुढच्या भेटीला मी येऊ का?

ताई


२ फेब्रुवारी २०२५

सम्यक,

भेटीत काचेसमोर बोलायचं राहून जातं, आणि तू सुटायच्या आधी हे तुला कळलेलं बरं.

राजेशचा खटला अजून चालू आहे. तो जामिनावर बाहेर आहे. गाळा बंद झाला, पण तो दादरला राहतो, कधीतरी रस्त्यात समोर येईल. केस पांढरे झालेत, हात लपवून चालतो. तुझ्याशी बोलेलसुद्धा. तू पुढे निघून जा. मयूरची उलटतपासणी अर्धी झालीये. शेठच्या वकिलाने त्याला दोन दिवस सोलून काढलं, "तुझी नजर अधू, तू काय बघितलंस," असं विचारून. तो हलला नाही. तू राजेशच्या अंगावर बोट जरी ठेवलंस तरी मयूरने सोसलेलं सगळं वाया जाईल.

वखारींनी परत वायरचे स्विच लावलेत. दत्तारामकाकांनी काम सोडलं, गावी गेले.

आई खोलीला रंग लावून घेतेय. दाराच्या चौकटीवर मयूरचं रक्त मुरलं होतं, धुवून जात नव्हतं. रंगाऱ्याने घासून काढलं.

आता मयूरचं. तो आपल्याच चाळीत आहे, दुसऱ्या माळ्यावरच. मोबाइल दुरुस्तीचं काम घरी करतो. सुभद्राकाकू माझ्याशी बोलतात, आईशी नाही. तुझ्याशी बोलतील असं समजू नकोस. मी मयूरला सांगितलं, तू या महिन्यात येतोयस. तो स्क्रू फिरवतच होता. म्हणाला, "येऊ दे. त्याचं घर आहे." मी विचारलं, राग आहे ना? म्हणाला, "आहे. रोज सकाळी दाढी करताना असतो." एवढंच. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही, आणि मीही माफी मागितली नाही. ती मागायची तर तू माग.

आपल्या जिन्याला दुसऱ्या माळ्याशी वळण आहे. तिथे तो संध्याकाळी कठड्याला टेकून उभा असतो. डाव्या बाजूचं त्याला दिसत नाही. त्या बाजूने कुणी अचानक आलं की तो हात डोक्यावर घेतो आणि खाली वाकतो. लहान पोरं आली तरी. मी पाहिलंय.

तू जिना चढताना त्याच्या डाव्या बाजूने येशील. तसाच वर जाऊ नकोस. खालच्या पायरीवर थांब, लांबूनच त्याला हाक मार, आपलं नाव सांग. मग वळसा घालून समोरून जा.

ताई